टायरोसिनेमिया प्रकार १ : मुलीचे डोळे लाल झाले म्हणून नायटिसिनोनची मात्रा निम्मी करावी का?

प्रश्न : लेकीची आई, लातूर

माझी मुलगी सव्वादोन वर्षांची आहे. ती सात महिन्यांची असताना तिचे पोट फुगू लागले आणि मार न लागताही अंगावर काळेनिळे डाग उठू लागले. सुरुवातीला यकृत अशक्त आहे असे सांगून टॉनिक देण्यात आले. पुढे मोठ्या शहरातील रुग्णालयात लघवीची तपासणी झाली, तीत सक्सिनिल अ‍ॅसिटोन हे या आजारात शरीरात साचणारे विषारी द्रव्य सापडले आणि टायरोसिनेमिया प्रकार १ या जन्मजात आजाराचे निदान पक्के झाले. तेव्हापासून तिला या आजारावरच्या नायटिसिनोन या औषधाची ५ मिलिग्रॅमची एक कॅप्सूल सकाळी आणि एक रात्री, उघडून थोड्या पाण्यात कालवून, अशी दिली जाते. त्याबरोबर विशेष पावडरचे दूध आणि मोजून दिलेले घरचे अन्न चालू आहे. औषध सुरू झाल्यापासून तिचे पोट उतरले, ती चालायला लागली, बोलायला लागली. शेजारच्यांना ती आजारी आहे हे सांगूनही खरे वाटत नाही.

गेल्या दहा-बारा दिवसांपासून मात्र तिचे डोळे लाल होत आहेत, पाणी येते, आणि अंगणात नेले की ती डोळे घट्ट मिटून माझ्या खांद्यात तोंड खुपसते. औषधाच्या दुकानातून आणलेल्या थेंबांनी फरक पडला नाही. दीड महिन्यापूर्वीच्या रक्ततपासणीत टायरोसीन, म्हणजे प्रथिनातला एक घटक, वाढून ७८० मायक्रोमोल प्रति लिटर आले होते, आणि आहार सांभाळा एवढेच तेव्हा सांगण्यात आले होते. तीन महिन्यांपूर्वी परदेशी कॅप्सूलऐवजी भारतात तयार झालेली कॅप्सूल मिळू लागली, त्यामुळे ही कॅप्सूलच बाधत असावी असे माझ्या यजमानांना वाटते. सासूबाईंचे म्हणणे असे, की एवढ्याशा जिवाला औषधाची उष्णता झाली आहे, पोर आता ठणठणीत आहे, तेव्हा काही दिवस एकच कॅप्सूल द्यावी. त्यातच दिरांनी कुठेतरी वाचले, की हे औषध मुळात तणनाशकातून आले आहे. ते ऐकल्यापासून घरात कोणाच्या घशाखाली घास उतरत नाही. पुढच्या तपासणीची तारीख २३ दिवसांनी आहे. तोपर्यंत मात्रा निम्मी केली तर चालेल का? ज्यांनी हे औषध स्वतःच्या मुलाला दिले आहे, त्यांनी कृपया लिहावे.

उत्तर १ : कृष्णाकाठचा बाप, सांगली जिल्हा

ताई, मात्रा कमी करू नका. आज रात्रीची कॅप्सूल नेहमीसारखी द्या आणि उद्या सकाळी तुमच्या डॉक्टरांना फोन करा. बाकीचे निवांत वाचा.

माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे आणि त्याला हाच आजार आहे. आम्ही शेतकरी माणसे, म्हणून डॉक्टरांनी मला हा आजार पाटाच्या पाण्यावरून समजावला होता, तसाच तुम्हाला सांगतो. आपण खातो त्या प्रथिनातले टायरोसीन शरीरात पाच टप्प्यांनी मोडले जाते. आपल्या मुलांमध्ये शेवटच्या टप्प्याचे विकर, म्हणजे एन्झाइम, काम करत नाही. पाटाच्या शेपटाला मोरी बुजली की पाणी तिथल्याच वाफ्यात तुंबते आणि पीक कुजवते, तसा शेवटच्या टप्प्याशी विषारी माल साचतो आणि यकृत व मूत्रपिंड जाळत राहतो. नायटिसिनोन बुजलेली मोरी उघडत नाही. ते वरच्या बाजूचे, दुसऱ्या टप्प्याचे दार लावून घेते, म्हणून खालच्या वाफ्यात विष तयारच होत नाही. पण दार लावल्यावर पाणी त्या दाराच्या वर चढणारच. ते चढलेले पाणी म्हणजे रक्तातले वाढलेले टायरोसीन. ते उतरवायचे असेल तर पाटात पाणी कमी सोडावे लागते, म्हणजे प्रथिन मोजून द्यावे लागते. दार किलकिले केले, तर पाणी पुन्हा त्या खालच्या वाफ्यात जाते.

हे मला आधी नीट समजले असते, तर पुढचा प्रसंग टळला असता की नाही हे सांगता येत नाही, पण मी इतका निर्धास्त राहिलो नसतो. मुलगा चार वर्षांचा होता. त्या काळी कॅप्सूल परदेशातून येत असत, आणि एकदा खेप अडकली. घरातला साठा संपला. मुलगा खेळत होता, हसत होता, म्हणून आम्हीही थांबलो. सोळा दिवस त्याच्या पोटात औषध गेले नाही. मग त्याला ताप आला, आणि त्यानंतर दोन्ही पाय इतके दुखू लागले, की पांघरुणाचा स्पर्श झाला तरी तो किंचाळत असे. उलट्या झाल्या, रक्तदाब मोठ्या माणसापेक्षा जास्त चढला, हाताची बोटे दुमडेनात. अतिदक्षता विभागात अकरा दिवस काढले. सक्सिनिल अ‍ॅसिटोन साचले की मज्जातंतूंवर असा झटका येऊ शकतो आणि काही मुलांना श्वासासाठी यंत्र लावावे लागते, हे मला तिथे, त्याच्या खाटेशेजारी उभा असताना कळले. औषध पुन्हा सुरू झाले आणि तो हळूहळू सावरला, पण जिना चढायला त्याला दोन महिने लागले.

तेव्हापासून घरात एक महिन्याचा जास्तीचा साठा असल्याशिवाय मला झोप लागत नाही. साठवणुकीबाबत डबीवरची सूचना वाचा, कारण ती प्रत्येक कंपनीची सारखी नसते. काही कॅप्सूल २ ते ८ अंश तापमानात ठेवायच्या असतात, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये वीज गेली की घर भट्टीसारखे तापते. आम्ही थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशव्या ठेवतो, पण कॅप्सूल बर्फाला चिकटणार नाहीत अशा बेताने मध्ये टॉवेल घालतो.

उत्तर २ : बालरोगतज्ज्ञ (चयापचयाचे आजार), पुणे

वरील उत्तरातील पाटाचा दाखला शास्त्रदृष्ट्या अचूक आहे. मुलीला न पाहता मी निदान करणार नाही, परंतु जे वर्णन आपण केले आहे त्यावरून २३ दिवस थांबू नये, हे निश्चितपणे सांगतो. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना उद्याच कळवावे, टायरोसीनची पातळी पुन्हा तपासून घ्यावी, आणि नेत्रतज्ज्ञांकडे जाऊन स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रावर, डोळे तपासून घ्यावेत. त्यांना मुलीचा आजार आणि औषधाचे नाव आवर्जून सांगावे. टायरोसीन फार वाढले की बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात, म्हणजे पारपटलात, त्याचे स्फटिक जमू शकतात, आणि डोळे लाल होणे, पाणी येणे, दुखणे व उजेड सहन न होणे ही त्याची लक्षणे असतात. वरवर पाहता हे डोळे आल्यासारखेच दिसते, आणि त्यामुळे अनेक मुलांना आठवडेच्या आठवडे नुसते थेंब घातले जातात. दुकानातून आणलेले थेंब, विशेषतः त्यांत स्टेरॉइड असल्यास, तपासणी होईपर्यंत बंद ठेवावेत. दिलासा असा, की टायरोसीन खाली आले की ही लक्षणे बहुधा ओसरतात. तळहात-तळपायांची त्वचा जाड किंवा दुखरी झाली आहे का, तेही पाहावे, कारण तिचे कारणही हेच असू शकते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. टायरोसीन वाढले म्हणून नायटिसिनोन कमी करायचे नसते, आहारातील प्रथिन कमी करायचे असते. औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकातही असेच सांगितलेले आहे. नायटिसिनोनची नेहमीची मात्रा दिवसाला दर किलो वजनामागे १ मिलिग्रॅम असते, आणि लहान मुलांत ती सहसा दोन वेळांत विभागून देतात. मूल वाढते तशी मात्राही वाढवावी लागते, आणि हे पुष्कळदा राहून जाते. आपल्या मुलीचे आजचे वजन किती आहे ते पाहावे. ते १० किलोच्या बरेच पुढे गेले असेल, तर प्रत्यक्षात तिला मात्रा कमीच मिळत आहे, आणि आपण ती आणखी निम्मी करण्याचा विचार करत आहात.

कॅप्सूल बदलल्याची शंका मी समजू शकतो, पण थोडा विचार केला तर उत्तर आपल्याच माहितीत आहे. नवी कॅप्सूल निकामी असती, तर दुसऱ्या टप्प्याचे दार उघडे राहिले असते, टायरोसीन इतके चढले नसते आणि लघवीत सक्सिनिल अ‍ॅसिटोन पुन्हा दिसू लागले असते. टायरोसीन ७८० असणे हे औषध काम करत असल्याचेच लक्षण आहे. तरीही कंपनी बदलल्यावर सक्सिनिल अ‍ॅसिटोन आणि शक्य असेल तिथे रक्तातील नायटिसिनोनची पातळी एकदा तपासून घेणे योग्य ठरते, तेव्हा तशी विनंती जरूर करावी.

तणनाशकाची गोष्ट खरी आहे, आणि ती लपवण्यासारखी नाही. १९७७ साली कॅलिफोर्नियात एका संशोधकाच्या लक्षात आले, की बॉटलब्रशच्या झाडाखाली तण फारसे उगवत नाही. आपल्या बागांतून लाल कुंचल्यासारखी फुले येणारे जे झाड असते, तेच हे. त्या झाडातील द्रव्यावरून तणनाशके शोधण्याचे काम सुरू झाले, आणि त्या मालिकेतील एक संयुग टायरोसीनच्या मार्गावरील दुसऱ्या टप्प्याचे विकर अडवते, असे आढळले. वनस्पतीला ते विकर हिरवेपणा टिकवण्यासाठी लागते, म्हणून तण पांढरे पडून मरते. माणसात तेच विकर अडले, तर टायरोसीन वाढण्यापलीकडे सहसा फारसे बिघडत नाही. स्वीडनमधील गोथेनबर्गच्या डॉक्टरांनी या गुणाचा उपयोग ओळखला आणि १९९१ साली या आजाराच्या मुलाला ते प्रथम दिले. त्याआधी या मुलांसाठी पथ्याचा आहार आणि यकृताचे प्रत्यारोपण एवढेच हाती होते. दोन महिन्यांचे होण्याआधीच ज्यांना आजाराची लक्षणे दिसली, अशा बाळांपैकी केवळ पथ्यावर असलेली १००तील २९ बाळे दोन वर्षांनंतर जिवंत होती. औषध आणि पथ्य दोन्ही मिळालेल्यांत हाच आकडा ८८ होता. अमेरिकेत २००२ साली आणि युरोपात २००५ साली त्याला मान्यता मिळाली. आपल्या दिरांना हे आकडे अवश्य दाखवावेत.

आणखी दोन गोष्टी. एक, या औषधामुळे काही मुलांत पांढऱ्या पेशी व प्लेटलेट कमी होऊ शकतात, म्हणून त्यांची तपासणी, तसेच यकृताच्या कर्करोगाची चाहूल लवकर लागावी म्हणून अल्फा फिटोप्रोटीन ही रक्ततपासणी आणि सोनोग्राफी, मूल कितीही ठणठणीत दिसले तरी ठरलेल्या वेळी करावी. दोन, मुलीला दुसऱ्या कोणत्याही कारणासाठी कोणी औषध लिहून दिले, उदाहरणार्थ झटक्यांसाठी फेनिटोइन, तर त्या डॉक्टरांना नायटिसिनोन चालू असल्याचे सांगावे, कारण काही औषधांची रक्तातील पातळी त्यामुळे वाढते.

उत्तर ३ : आहारतज्ज्ञ, ठाणे

डॉक्टरांनी सांगितले त्यात भर म्हणून एकच सुचवते. पुढचे तीन दिवस मुलीच्या तोंडात जे जे जाते ते सगळे, कोणी दिले यासकट, वहीत लिहून काढा. कोणाला बोल लावण्यासाठी हे करायचे नाही. माझा अनुभव असा आहे, की जेवणाच्या ताटातले प्रथिन आई काटेकोर मोजते, आणि टायरोसीन वाढते ते ताटाबाहेरच्या घासांनी.

आपल्या मराठी स्वयंपाकात शेंगदाण्याचे कूट कुठे नसते? भाजीत, कोशिंबिरीत, खिचडीत, चटणीत, लाडवात ते असते, आणि शेंगदाण्याचा चौथा हिस्सा निव्वळ प्रथिन असतो. म्हणजे २० ग्रॅम दाण्यांतून ५ ग्रॅम प्रथिन जाते, जेवढे साधारण दीडशे मिलिलिटर गाईच्या दुधातून जाते. फुटाणे, तीळ, पनीर, खवा, अंडे, मासे आणि डाळी यांचेही तसेच आहे. उलट साबुदाणा आणि आरारूट यांत प्रथिन नगण्य असते. साबुदाण्याची खिचडी कूट न घालता, तुपात जिरे आणि बटाटा घालून केली, तर ती या मुलांच्या पोटाला भरपूर आधार देते. तूप, तेल, साखर, पपई, सफरचंद, चिकू, दुधी, काकडी यांचाही मला फार उपयोग होतो. शीतपेये आणि साखरमुक्त गोळ्यांवरचे लेबल वाचा, कारण अ‍ॅस्परटेम या गोडव्यातून फेनिलअ‍ॅलानीन येते आणि शरीरात त्याचेच टायरोसीन होते.

घाबरून सगळेच प्रथिन बंद मात्र करू नका. फेनिलअ‍ॅलानीन आणि टायरोसीन हे दोन्ही शरीराला थोडे लागतातच, आणि ते फार कमी पडले तर मूल वाढत नाही. म्हणून घरच्या अन्नातले प्रथिन किती ग्रॅम द्यायचे, हे प्रत्येक मुलाच्या रक्ततपासणीवरूनच ठरते. विशेष पावडर टाळली जात नाही ना, हेही पाहा. तिचा वास उग्र असतो आणि मुले ती ओततात, हे मी जाणते. पण तिच्यातून ही दोन सोडून बाकीची सगळी आवश्यक द्रव्ये मिळतात. ती पोटात गेली नाही, किंवा तापात मूल उपाशी राहिले, तर शरीर स्वतःचेच स्नायू मोडू लागते आणि त्यातूनही टायरोसीन वाढते. तापाच्या दिवसांत काय द्यायचे, ते डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्या.

उत्तर ४ : मॉन्ट्रियलकर

मी मूळची नाशिकची, आणि गेली चौदा वर्षे इथे क्युबेक प्रांतात राहते. माझ्या मुलाला हा आजार आहे. आपल्याकडे ज्या आजाराचे नाव डॉक्टरांनाही क्वचित ऐकायला मिळते, तो इथल्या सागने-लाक-सें-जां या भागात साधारण १८५० जन्मांमागे एका बाळाला होतो, त्यामुळे या प्रांतात १९७० पासूनच नवजात बाळांच्या टाचेतून रक्त घेऊन त्याची तपासणी केली जाते. जन्मल्यावर पहिल्या महिन्यातच औषध सुरू झालेल्या इथल्या मुलांपैकी एकालाही यकृत बदलावे लागले नव्हते, असे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदवले आहे. तुमच्या लेकीचे निदान सात महिन्यांनी झाले, तरी हे औषध इतकी वर्षे, इतक्या मुलांनी घेतलेले आहे, हे तुमच्या सासूबाईंना सांगावेसे वाटले म्हणून लिहिले.

आणखी एक विचारते, राग मानू नका. पुढच्या मुलाचा विचार असेल, तर आधी जनुकीय सल्ला घ्या. आई आणि वडील दोघेही वाहक असतात, म्हणजे स्वतः निरोगी असूनही दोघांकडे आजाराचे जनुक असते, त्यामुळे प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची २५ टक्के शक्यता असते, आणि गर्भावस्थेत तपासणी करता येते. मला हे दुसऱ्या वेळी कोणी सांगितले नव्हते.

पुन्हा कृष्णाकाठचा बाप, सांगली जिल्हा

पैशांचे ताईंनी विचारले नाही, पण वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाला उपयोग होईल. केंद्र सरकारच्या २०२१ सालच्या दुर्मीळ आजार धोरणात हा आजार समाविष्ट आहे, आणि ठरवून दिलेल्या केंद्रात नोंद झाल्यास ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. महाराष्ट्रात असे केंद्र मुंबईचे केईएम रुग्णालय आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारने जाहीर केले, की भारतात तयार झालेल्या नायटिसिनोनमुळे सुमारे १० किलो वजनाच्या मुलाचा वर्षाचा खर्च २ कोटी २० लाखांवरून अडीच लाखांपर्यंत खाली येईल. त्या सोळा दिवसांत मी पैशासाठी आणि औषधासाठी ज्यांच्या दारात उभा राहिलो, त्यांची तोंडे मला अजून आठवतात, म्हणून देशी कॅप्सूलला कोणी उगाच नाव ठेवले की मला वाईट वाटते.

लेकीची आई, लातूर (अठरा दिवसांनी)

सर्वांची मनापासून आभारी आहे. त्या रात्री कॅप्सूल दिली आणि त्यानंतर एकही वेळ चुकवलेली नाही. टायरोसीन ८४२ आले, आणि नेत्रतज्ज्ञांना दोन्ही पारपटलांत बारीक स्फटिक दिसले. सक्सिनिल अ‍ॅसिटोन मात्र सापडले नाही, म्हणजे कॅप्सूलवरचा आमचा आरोप खोटा होता.

वही तीन दिवस लिहिली. सकाळी सासूबाई देवाला दुधाचा नैवेद्य दाखवून ती वाटी प्रसाद म्हणून नातीला पाजत होत्या, आणि दुपारी माळ्यावरच्या डब्यातला एक दाण्याचा लाडू रोज तिच्या हातावर पडत होता. पोरीला आपल्या हातचे काहीच खाऊ घालता येत नाही, याचे त्यांना इतके दुःख होते हे मला माहीत नव्हते. वही वाचून दाखवली तेव्हा त्या बराच वेळ देवघरासमोर बसून राहिल्या. दुसऱ्या दिवसापासून नैवेद्य खडीसाखरेचा झाला, आणि साबुदाण्याची खिचडी आता त्याच करतात, काट्यावर वजन करून. यजमान आणि मी आतेमामे नात्यातले आहोत, त्यामुळे जनुकीय सल्ल्याची वेळही घेतली आहे.

मुलीचे वजन ११ किलो ८०० ग्रॅम भरले, म्हणून डॉक्टरांनी रात्रीच्या कॅप्सूलबरोबर २ मिलिग्रॅमची आणखी एक कॅप्सूल वाढवून दिली आहे. परवाच्या तपासणीत टायरोसीन ५१० आले. काल संध्याकाळी ती अंगणात चिमण्यांच्या मागे धावत होती, आणि उन्हाकडे तोंड करूनही तिने डोळे मिटले नाहीत. ठाण्याच्या ताईंना विचारायचे आहे, की कूट न घालता खिचडी चिकट गोळा होते, ती मोकळी होण्यासाठी सासूबाईंनी साबुदाणा किती पाण्यात आणि किती वेळ भिजवावा?